रात्रीचा रस्ता आणि छायाचित्र : प्रकाश, छाया व रंग

१. उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला,

- रात्रीच्या प्रकाशात मानवी डोळा आणि कॅमेरा यांच्या पाहण्यात कोणता फरक पडतो, ते सांगता येईल.
- रस्त्यावरील दिव्यांच्या प्रकारानुसार वस्तूंचे रंग का बदलतात, ते स्पष्ट करता येईल.
- सावलीचे स्वरूप, तिची कड आणि तिचा रंग यांची कारणे सांगता येतील.
- ब्रासाई आणि वीजी या दोन छायाचित्रकारांच्या कार्यपद्धतींची तुलना करता येईल.
- रात्रीच्या छायाचित्रात अंधार किती राखावा, या प्रश्नाची कलात्मक व नैतिक बाजू विशद करता येईल.

२. प्रास्ताविक

'फोटो' या शब्दाला मराठीत दोन पर्याय आहेत : 'प्रकाशचित्र' आणि 'छायाचित्र'. मूळ ग्रीक घटकांच्या अर्थाकडे पाहिले, तर पहिला शब्द अधिक नेमका ठरतो. तरीही वर्तमानपत्रांपासून सरकारी अर्जांपर्यंत सर्वत्र रुळला तो दुसराच शब्द. 'छाया' या संस्कृत शब्दाला सावली, प्रतिबिंब आणि कांती असे किमान तीन अर्थ आहेत. भर दुपारी टिपलेल्या चित्राला यांपैकी कोणताही पर्याय चालून जातो. रात्रीच्या रस्त्याचे चित्र मात्र 'छाया' या शब्दाचे तीनही अर्थ एकाच वेळी वापरते. दिव्याच्या खांबाखाली सावली असते, ओल्या डांबरावर प्रतिबिंब असते आणि दुकानाच्या उजेडात उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कांती असते.

दिवसाच्या आणि रात्रीच्या रस्त्यात आणखी एक मूलभूत भेद आहे. दिवसाचा प्रकाश सूर्याचा असतो. तो कोणी कोणासाठी लावलेला नसतो. रात्री रस्त्यावर जो उजेड दिसतो, तो बहुतांशी कोणीतरी, कोणत्या तरी हेतूने लावलेला असतो. नगरपालिकेने खांबावर दिवा लावला तो रहदारीसाठी, दुकानदाराने पाटी उजळली ती गिऱ्हाइकासाठी, भुर्जीपावाच्या गाडीवर बॅटरीचा दिवा टांगला तो तव्यासाठी. ज्या कोपऱ्यात कोणाचाच हेतू पोचला नाही, तो कोपरा अंधारात राहतो. म्हणून रात्रीचा रस्ता हा एखाद्या लिखित मजकुरासारखा वाचता येतो. कोणाच्या वाट्याला उजेड आला आणि कोणाच्या नाही, हे त्यात नोंदलेले असते. या घटकात आपण या वाचनाची साधने, म्हणजे प्रकाश, छाया आणि रंग यांचे व्यवहार, क्रमाने समजून घेणार आहोत.

३. विषय-विवेचन

३.१ डोळ्याची रात्र आणि कॅमेऱ्याची रात्र

आपल्या डोळ्यातील दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात. शंक्वाकार पेशी भरपूर उजेडात काम करतात आणि त्यांच्यामुळे आपल्याला रंग ओळखता येतात. दंडाकार पेशी अत्यंत मंद उजेडातही जागृत राहतात. परंतु त्यांना रंगांचा भेद कळत नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर दंडाकार पेशींची क्षमता पूर्णपणे जागी होण्यास सुमारे अर्धा तास लागतो. वीज गेल्यावर प्रथम काहीच दिसत नाही आणि मग हळूहळू घरातल्या वस्तूंचे आकार उमटू लागतात, हा आपल्या सर्वांच्या परिचयाचा अनुभव याचेच उदाहरण आहे.

एकोणिसाव्या शतकात यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने या संदर्भात एक सूक्ष्म निरीक्षण नोंदवले. संध्याकाळ गडद होत जाते, तसे तांबडे रंग लवकर काळवंडतात, तर निळे-हिरवे रंग तुलनेने उजळ राहतात. अंगणातील जास्वंदीकडे तिन्हीसांजेला पाहिल्यास हे सहज पडताळता येते. फूल काळसर होते; पाने मात्र अजून उठून दिसत असतात.

कॅमेऱ्याच्या संवेदकाला अशी संध्याकाळ नसते. त्याच्यातील तांबड्या, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाची नोंद करणारे घटक अंधारातही आपापले काम तसेच करत राहतात. शिवाय डोळ्याला प्रकाश फार काळ साठवून ठेवता येत नाही, तर कॅमेऱ्याला तो साठवता येतो. शटर दहा सेकंद उघडे ठेवले, तर दहा सेकंदांचा प्रकाश एका चित्रात गोळा होतो. त्यामुळे डोळ्याला करडी वाटलेली भिंत छायाचित्रात गुलाबी निघू शकते. डोळ्यापुढे जी रात्र होती आणि कागदावर जी उमटली, त्या दोन वेगळ्या रात्री असतात. म्हणून रात्रीचे छायाचित्र 'जसे होते तसे' असल्याचा दावा जपूनच करावा लागतो.

३.२ एक्स्पोजर : अंधाराविषयीचा निर्णय

छायाचित्रात किती प्रकाश घ्यायचा, हे तीन गोष्टींवर ठरते : भिंगाच्या छिद्राचा आकार म्हणजे अपर्चर, शटर उघडे राहण्याचा काळ आणि संवेदनक्षमता म्हणजे आयएसओ. या तिन्हींच्या मेळाला एक्स्पोजर म्हणतात. दिव्यांनी बऱ्यापैकी उजळलेल्या शहरी रस्त्यावर एफ २ इतके मोठे छिद्र ठेवले आणि आयएसओ १०० असला, तर शटर सुमारे १/८ सेकंद उघडे ठेवावे लागते. एवढ्या वेळात चालणारा माणूस पुसट होतो आणि हातही हलतो. आयएसओ १६०० केला, तर तेच काम सुमारे १/१२५ सेकंदात होते आणि चालणारी आकृती स्पष्ट येते. मात्र संवेदनक्षमता वाढवण्याची किंमत असते : चित्रात, विशेषतः त्याच्या गडद भागात, रवाळपणा दिसू लागतो.

येथे एक महत्त्वाचा तांत्रिक मुद्दा लक्षात घ्यावा. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या उजळपणाचे आहे, असे गृहीत धरतो. रात्रीचा रस्ता तसा नसतो. त्याचा बराचसा भाग काळाच असतो. मापक तो काळा भागही करडा करू पाहतो आणि परिणामी रात्र संध्याकाळसारखी दिसते. शिवाय दिवे पांढरे फटक पडून त्यांचा रंग नाहीसा होतो. म्हणून जाणते छायाचित्रकार मापकाने सुचवल्यापेक्षा प्रकाश मुद्दाम कमी घेतात. सर्वांत उजळ भागातला तपशील ते जपतात आणि बाकीचे अंधारावर सोपवतात. आपल्या चित्रात काय काळे राहू द्यावे, हे यंत्राला ठरवता येत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते.

> स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
> १. संध्याकाळी तांबडे फूल पानांआधी काळवंडलेले का दिसते?
> २. स्वयंचलित एक्स्पोजरमुळे रात्रीचे दृश्य अधिक उजळ का येते?

३.३ दिवा ठरवतो तो रंग

साडी तांबडी आहे, असे आपण म्हणतो तेव्हा तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशातील तांबडा भाग ती परत पाठवते, एवढेच शास्त्रदृष्ट्या अभिप्रेत असते. पडणाऱ्या प्रकाशातच तांबडा भाग नसेल, तर ती परत काय पाठवणार? रात्रीच्या रंगांचे सारे रहस्य या साध्या प्रश्नात आहे.

प्रकाशाच्या रंगछटेचे माप केल्व्हिन या एककात सांगितले जाते. मेणबत्तीची ज्योत सुमारे १,९०० केल्व्हिन, जुना तारेचा बल्ब सुमारे २,७०० केल्व्हिन, तर दुपारचा सूर्यप्रकाश सुमारे ५,५०० केल्व्हिन इतका असतो. आकडा कमी तितका प्रकाश पिवळा-तांबूस आणि आकडा जास्त तितका पांढरा-निळसर, असा हा क्रम आहे. बोलताना आपण पिवळ्या प्रकाशाला 'ऊबदार' म्हणतो, पण त्याचे केल्व्हिनमधील माप कमी असते, हा विरोधाभास ध्यानात ठेवावा.

तथापि केवळ छटा कळून भागत नाही. त्या प्रकाशात कोणकोणते रंग मिसळलेले आहेत, हेही पाहावे लागते. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा प्रकाश जवळजवळ संपूर्णपणे ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे एकाच पिवळ्या रंगाचा असतो. त्याच्याखाली तांबडी साडी आणि निळा सदरा यांत रंगाचा भेद उरत नाही. उरतो तो फक्त उजळ-गडदपणाचा. भारतातील शहरांत अनेक वर्षे दिसलेले नारिंगी दिवे प्रामुख्याने अधिक दाबाच्या सोडियमचे होते. त्यांत रंगांचा पट्टा काहीसा रुंद असतो. तरी निळा भाग अगदी तुटपुंजा असतो. त्यामुळे निळे कपडे त्यांच्याखाली मळकट काळे दिसत. रंग किती निष्ठेने दाखवले जातात, याचा निर्देशांक १०० पैकी मोजतात. अधिक दाबाच्या सोडियम दिव्यांचा निर्देशांक साधारण २० ते २५ एवढाच असतो, तर रस्त्यावरच्या आजच्या एलईडी दिव्यांचा सामान्यतः ७० किंवा त्याहून अधिक.

पांढऱ्या एलईडी दिव्यात मुळात निळा प्रकाश देणारा सूक्ष्म घटक असतो. त्यावरील लेप निळ्याचा काही भाग पिवळ्या पट्ट्यात रूपांतरित करतो आणि दोहोंचे मिश्रण डोळ्याला पांढरे भासते. निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या गल्लीतील रात्रीचा रंग बदलण्याचे मूळ या शोधात आहे.

कॅमेऱ्यात आणि संगणकावर 'व्हाइट बॅलन्स' नावाची सोय असते. तिने पिवळेपणा कमी करता येतो. परंतु दिव्याच्या प्रकाशात जो रंग नव्हताच, तो नंतर कितीही खटपट केली तरी खऱ्या अर्थाने परत येत नाही. म्हणून अनुभवी छायाचित्रकार सोडियमचा पिवळेपणा पुसून टाकण्यापेक्षा तोच चित्राचा रंग मानतो. एकाच चौकटीत सोडियमचा नारिंगी, औषधाच्या दुकानातील पांढऱ्या नळीचा निळसर आणि एखाद्या पाटीचा हिरवा असे तीन उजेड असतील, तर त्यांतल्या कोणत्या एकाला 'पांढरा' मानावे, हा पुन्हा निर्णयाचाच प्रश्न असतो.

३.४ सावलीची कड आणि सावलीचा रंग

सावलीची कड तीक्ष्ण की मऊ, हे प्रकाशाचा उगम वस्तूपासून किती मोठा दिसतो यावर ठरते. दूरचा उघडा बल्ब बिंदूसारखा असतो. त्याची सावली कात्रीने कापल्यासारखी पडते. कापडाच्या मोठ्या आकाशकंदिलातून येणारा उजेड पसरट असतो. त्याच्या जवळ उभ्या असलेल्या माणसाची सावली विरघळत जाते. खांबावरच्या दिव्याचा प्रकाश डोक्यावरून येतो. त्यामुळे दिव्याखाली उभ्या राहिलेल्या माणसाचे कपाळ आणि नाक उजळते, डोळ्यांच्या खोबणी मात्र काळ्या होतात. तोच माणूस दोन पावले दुकानाच्या दर्शनी काचेकडे सरकला की उजेड समोरून येतो आणि त्याचा चेहरा वाचता येऊ लागतो. रात्री रस्त्यावर छायाचित्र टिपणारे अनेक जण प्रथम अशी उजेडाची जागा हेरतात आणि मग तेथे कोणी येण्याची वाट पाहतात.

सावली नेहमी काळीच असते, हा समज रात्रीच्या रस्त्यावर टिकत नाही. एका बाजूला नारिंगी दिवा आणि दुसऱ्या बाजूला निळसर-पांढरी पाटी असेल, तर मध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या दोन सावल्या पडतात. नारिंगी दिव्याने पाडलेल्या सावलीत नारिंगी उजेड पोचत नाही, पण पाटीचा पोचतो. म्हणून ती सावली निळसर दिसते. पाटीने पाडलेली सावली त्याच न्यायाने नारिंगी दिसते. योहान वोल्फगांग फॉन ग्योथे या जर्मन कवीने १८१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या रंगविषयक ग्रंथात अशा रंगीत सावल्यांचा विस्ताराने विचार केला होता. एक कवी सावलीच्या रंगाचा पद्धतशीर अभ्यास करतो, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी.

पावसाने या व्यवहारात आणखी भर पडते. कोरडे डांबर खडबडीत असल्याने आपल्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरते. म्हणून रस्ता मंद, एकसारखा करडा दिसतो. पाण्याचा थर साचला की पृष्ठभाग आरशाप्रमाणे वागू लागतो. प्रकाश ठरावीक दिशेनेच परत फिरतो, त्यामुळे रस्त्याचा उरलेला भाग अधिक काळा होतो आणि त्यावर दिव्यांचे लांबच लांब रंगीत पट्टे आपल्या पायांपर्यंत येतात. 'छाया' शब्दाचा 'प्रतिबिंब' हा अर्थ येथे प्रत्यक्ष होतो. पावसाळी रात्रीची छायाचित्रे रंगांनी अधिक भरलेली वाटतात, त्याचे कारण हे आहे.

> स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
> १. व्हाइट बॅलन्सची मर्यादा कोणती?
> २. दोन वेगळ्या रंगांच्या दिव्यांमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या सावल्या रंगीत का दिसतात?

३.५ दोन कार्यपद्धती : ब्रासाई आणि वीजी

आतापर्यंत पाहिलेली तत्त्वे प्रत्यक्षात कशी वापरली गेली, हे समजण्यासाठी दोन छायाचित्रकारांची तुलना उपयुक्त ठरेल. दोघांचाही जन्म १८९९ सालचा, दोघेही आपला मूळ प्रदेश सोडून महानगरात आलेले आणि दोघेही टोपणनावाने ओळखले गेलेले. रात्रीविषयीची त्यांची भूमिका मात्र परस्परविरुद्ध होती.

ग्युला हालास यांचा जन्म ट्रान्सिल्व्हेनियातील ब्राशो येथे झाला. हे शहर आज रोमानियात आहे. या गावाच्या नावावरून त्यांनी 'ब्रासाई' हे नाव घेतले. १९२४ साली ते पॅरिसला आले. त्यांचा रात्रीच्या पॅरिसवरचा छायाचित्रसंग्रह पॉल मोराँ यांच्या प्रास्ताविकासह १९३०-४०च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झाला आणि रात्रीच्या छायाचित्रणातील तो एक मैलाचा दगड ठरला. ब्रासाई तिपाईवर कॅमेरा ठेवून काचेच्या पट्टीवर दीर्घ एक्स्पोजर घेत. किती वेळ झाला, हे ते सिगारेट जळण्याच्या काळावरून मोजत असत, असे सांगितले जाते. काळ्या-पांढऱ्या माध्यमात दिव्याचा थेट प्रकाश चित्र जाळून टाकतो, ही अडचण होती. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय साधा होता : दिवा झाडाच्या बुंध्यामागे किंवा भिंतीच्या कोपऱ्यामागे लपेल अशी जागा घ्यायची. मग दिवा दिसत नाही, पण त्याचा उजेड फरसबंदीवर, झाडांवर, धुक्यावर दिसतो. धुके आणि पाऊस त्यांना विशेष प्रिय होते, कारण दोन्हींमुळे उजेड पसरतो आणि काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा वाढतात. मुख्यतः शहराने दिलेल्या उजेडावरच भर द्यायचा, अशी ही पद्धत होती.

आर्थर फेलिग हे 'वीजी' या नावाने प्रसिद्ध झाले. आज युक्रेनमध्ये असलेल्या एका गावात त्यांचा जन्म झाला आणि ते लहानपणी न्यूयॉर्कला आले. रात्री घडणारे गुन्हे, आगी आणि अपघात यांची छायाचित्रे ते वृत्तपत्रांना पुरवत. पोलिसांच्या संदेशांवर त्यांचे लक्ष असे आणि घटनास्थळी ते अनेकदा तातडीने पोचत. त्यांचा संग्रह १९४५ साली प्रसिद्ध झाला. वीजी आपला उजेड स्वतःबरोबर नेत. तो म्हणजे कॅमेऱ्याला जोडलेला फ्लॅश. छोट्या उगमापासून निघालेल्या प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. फ्लॅशपासून २ मीटरवरच्या चेहऱ्यावर जितका प्रकाश पडतो, त्याच्या एक चतुर्थांश ४ मीटरवर आणि एक षोडशांश ८ मीटरवर पडतो. त्यामुळे त्यांच्या अनेक चित्रांत पुढची माणसे लख्ख उजळलेली आणि मागचे शहर गडप झालेले दिसते. भौतिकशास्त्राचा हा नियम त्यांच्या शैलीचाच भाग बनला.

ब्रासाईंच्या चित्रात अंधार वस्तूंना सामावून घेतो. वीजींच्या चित्रात उजेड अंधारावर चाल करून जातो. ब्रासाईंचे चित्र पाहताना आपण त्या रस्त्यावर उभे आहोत असे वाटते. वीजींचे चित्र पाहताना कोणाला तरी अवचित पकडले आहे असे वाटते. यांपैकी एक पद्धत योग्य आणि दुसरी अयोग्य, असा सोपा निवाडा करता येणार नाही. मात्र उजेड कोठून आला, यावर चित्राचा नैतिक सूरही अवलंबून असतो, हे या तुलनेतून लक्षात येते.

३.६ दिवे बदलतात तेव्हा

रस्त्यावरचा दिवा ही वरवर पाहता नगरव्यवस्थेची बाब आहे. परंतु तो बदलला की शहराचे चित्र बदलते. जानेवारी २०१५मध्ये केंद्र शासनाने रस्त्यांवरील जुन्या दिव्यांच्या जागी एलईडी दिवे बसवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. विजेची बचत हा त्यामागचा मुख्य हेतू होता. त्याच वर्षी मुंबईत मरीन ड्राइव्हवरील पिवळे सोडियम दिवे जाऊन पांढरे एलईडी दिवे आले. मलबार हिलवरून रात्री दिसणाऱ्या या वळणदार दीपमाळेला 'राणीचा हार' म्हणतात. हाराचे सोने हरपले, अशी नाराजी तेव्हा अनेकांनी व्यक्त केली. तो वादाचा विषय झाला आणि पुढे तेथे पुन्हा पिवळसर छटेचे दिवे बसवण्यात आले. विजेच्या खर्चाइतकाच प्रकाशाचा रंगही नागरिकांच्या स्मृतीशी निगडित असतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

येथे सावध राहणे आवश्यक आहे. पिवळ्या उजेडाची हळहळ वाटणे स्वाभाविक असले, तरी कामावरून उशिरा घरी परतणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने चांगला पांढरा उजेड ही सोय आहे. समोरून येणाऱ्याचा चेहरा, त्याच्या सदऱ्याचा रंग, रस्त्यावरचा खड्डा तिला स्पष्ट दिसतो. ज्याला अंधारातून रोज चालावे लागते, त्याला अंधाराचे सौंदर्य सांगण्यात अर्थ नसतो. छायाचित्रकाराचा उजेड आणि पादचाऱ्याचा उजेड यांच्या गरजा वेगळ्या आहेत, एवढे भान ठेवले तर दोन्ही बाजू समजून घेता येतात. सोडियमच्या काळात टिपलेली छायाचित्रे मात्र यामुळे दस्तऐवज ठरली आहेत. त्या दिव्यांखाली शहर कसे दिसत होते, हे उद्याच्या पिढ्यांना त्यांवरूनच कळेल.

३.७ अंधार किती राखावा?

आजच्या मोबाइल फोनमध्ये रात्रीच्या छायाचित्रणाची खास सोय असते. गूगलने आपल्या पिक्सेल फोनसाठी २०१८ साली आणलेली सोय त्यांपैकी बरीच गाजली. फोन एकापाठोपाठ अनेक चित्रे घेतो, ती एकमेकांवर नेमकी जुळवतो आणि त्यांच्या मेळातून कमी रवाळ, अधिक उजळ चित्र तयार करतो. जे डोळ्यालाही दिसले नव्हते, ते त्यात दिसते. तंत्राची ही झेप कौतुकास्पद आहे. मात्र तिच्यामुळे एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला आहे : दिसू शकते, ते सर्व दाखवावे काय?

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अनेक माणसे पदपथावर झोपतात. घरात झोपणाऱ्याला भिंती असतात, दार असते, कडी असते. पदपथावर झोपणाऱ्याला यांतले काहीच नसते; दोन खांबांच्या मधला काळोख आणि डोक्यावरून ओढलेली चादर हाच त्याचा आडोसा. त्या काळोखात फ्लॅश उडवणे किंवा तो काळोख यंत्राने पुसून टाकणे म्हणजे कोणाच्या तरी घराची भिंत पाडण्यासारखे आहे. झोपलेला माणूस संमती देऊ शकत नाही, नकारही देऊ शकत नाही. याउलट, अशी माणसे शहरात आहेत हे कोणी दाखवलेच नाही, तर त्यांची दखल घेतली जाणार नाही, हा युक्तिवादही वजनदार आहे. या दोहोंमधून वाट काढताना अंधारच छायाचित्रकाराच्या मदतीला येतो. चेहरा ओळखू न येता देहाचा आकार, उशाशी ठेवलेल्या चपला, चादरीच्या कडेवर पडलेली उजेडाची रेघ, एवढे दाखवूनही परिस्थिती पूर्णपणे सांगता येते. अशा चित्रात सावलीमुळे सत्य झाकले जात नाही आणि माणसाची प्रतिष्ठाही राखली जाते.

साहित्यातही लेखक सर्व काही सांगून टाकत नाही. काय न सांगता सोडावे, हे ठरवण्यात त्याचे कौशल्य असते. रात्रीच्या रस्त्याचे छायाचित्र हीच शिस्त दृश्य माध्यमात शिकवते. उजेड शहराने दिलेला असतो. त्यातला किती घ्यायचा, कोठे उभे राहायचे आणि काय काळे राहू द्यायचे, याची जबाबदारी टिपणाऱ्याची असते.

४. सारांश

रात्री रस्त्यावरचा उजेड हेतुपूर्वक लावलेला असतो, म्हणून त्याची विभागणी अर्थपूर्ण असते. मंद प्रकाशात डोळ्याची रंगांची जाण क्षीण होते; कॅमेरा मात्र प्रकाश साठवून रंग नोंदवतो. प्रकाशमापकाचे गृहीतक रात्रीला लागू पडत नाही, त्यामुळे एक्स्पोजर हा जाणीवपूर्वक घ्यावयाचा निर्णय ठरतो. वस्तूचा दिसणारा रंग दिव्याच्या प्रकाशात कोणते रंग आहेत यावर अवलंबून असतो. सावलीची कड प्रकाशाच्या उगमाच्या आकारमानावर ठरते आणि अनेक दिव्यांमुळे सावली रंगीत होऊ शकते. ब्रासाईंनी मुख्यतः शहराचाच उजेड वापरला, तर वीजींनी स्वतःचा उजेड नेला. दोघांच्या चित्रांचा सूर त्यातून ठरला. सोडियमकडून एलईडीकडे झालेल्या बदलाने शहरांचे रात्रीचे रूप पालटले. नव्या तंत्राने अंधार पुसणे सोपे झाले असताना, कोणता अंधार राखावा हा विवेक अधिक महत्त्वाचा झाला आहे.

५. पारिभाषिक शब्द

एक्स्पोजर : अपर्चर, शटरचा काळ आणि आयएसओ यांच्या मेळातून चित्रासाठी घेतलेला प्रकाश.
केल्व्हिन : प्रकाशाची रंगछटा सांगण्याचे एकक.
व्हाइट बॅलन्स : कोणत्या प्रकाशाला 'पांढरा' मानायचे, हे ठरवण्याची कॅमेऱ्यातील सोय.
रंगदर्शन निर्देशांक : एखादा दिवा वस्तूंचे रंग किती निष्ठेने दाखवतो, याचे माप.

६. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (१) मंद प्रकाशात दंडाकार पेशी काम करू लागतात. त्या निळ्या-हिरव्या प्रकाशाला अधिक आणि तांबड्या प्रकाशाला फारच कमी प्रतिसाद देतात. म्हणून फूल आधी काळवंडते. (२) प्रकाशमापक दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे मानतो आणि काळा भागही करडा करू पाहतो.

प्रश्न – २ : (१) दिव्याच्या प्रकाशात मुळात नसलेला रंग व्हाइट बॅलन्सने परत आणता येत नाही. (२) एका दिव्याचा प्रकाश अडला तरी दुसऱ्या दिव्याचा प्रकाश त्या सावलीत पोचतो आणि तिला आपला रंग देतो.

७. स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

१. 'रात्रीच्या छायाचित्रात अंधार हा निर्णयाचा विषय असतो.' या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. ब्रासाई आणि वीजी यांच्या कार्यपद्धतींतील साम्यभेद सुमारे ३०० शब्दांत लिहा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील किंवा शहरातील एक रस्ता निवडा. सायंकाळी ७ वाजता आणि रात्री १० वाजता तेथे जाऊन कोणकोणते दिवे लागलेले आहेत, ते कोणी व कशासाठी लावलेले आहेत, प्रत्येकाच्या उजेडात एकच वस्तू कोणत्या रंगाची दिसते आणि कोणत्या जागा अंधारात राहिल्या आहेत, यांची नोंद करा. कॅमेरा नसला तरी चालेल. या नोंदींच्या आधारे त्या रस्त्याचे सुमारे ४०० शब्दांत वर्णन लिहा.